सात ऑगस्टचा रकाना

चऱ्होली, २४ ऑगस्ट

बंधारा चाळीतल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

इंद्रायणीने आपली घरं बुडवली, त्याबद्दल माझी तिच्यावर तक्रार नाही. नदीला आपली नावं माहीत नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांनी काय केलं, ते सांगायला हे पत्र.

पंचनाम्याची प्रत काल माझ्या हातात पडली. आपल्या अठ्ठावीस खोल्यांपुढे एकच शब्द लिहिलाय: 'रिकाम्या'. म्हणजे सात तारखेच्या गुरुवारी भरदुपारी छातीएवढ्या पाण्यातून लेकरं डोक्यावर धरून जे बाहेर पडले, ते तुम्ही-आम्ही कुणी नव्हतोच. पंचनामा करणारे आले नऊ तारखेला. आपण सगळे तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये, ओल्या कपड्यांत. चाळीत उभा होता एकटा चाळमालक आबाजी. त्याने हात जोडून सांगितलं, "हितं कोन ऱ्हात न्हाई सायेब. भंगार ठेवायचं गोडाऊन हाय." का सांगितलं? खोल्या पूररेषेच्या आत बांधल्यात. माणसं राहतात असं कागदावर आलं की सरकार खोल्या पाडणार. खोल्या वाचवायच्या म्हणून त्याने माणसं पुसली.

कंपनीच्या गेटवर मी तीस वर्षं युनियनची भाषणं केली. तेव्हाही मालक हेच म्हणायचे: हा आमचा कामगार नाही, हा हजेरीपटावर नाही. आता घरातही आपण हजेरीपटावर नाही.

पण आपल्याकडे वही आहे. हॉलच्या दारात प्रत्येक कुटुंबाचं नाव, खोली नंबर, माणसं कोण कोण आणि आल्याची तारीख खोली बाराच्या मालोजीने स्वतः लिहून घेतली. चादर देताना समोर सही घेतली. आपण त्या दिवशी त्या चाळीतून आलो, याचा दुसरा पुरावा या जगात नाही. वहीची प्रत भरपाईच्या अर्जासोबत मी तहसील कचेरीत देतोय.

मालोजी, महाळुंग्याला तुझ्याजवळ आपली नऊ-दहा घरं राहायला गेलीत. त्यांना हे मोठ्याने वाचून दाखव. उत्तर युनूसकडे दे. तो रोज ट्रकच्या दुरुस्तीला तिकडे येतो. म्हणतो, "चाचा, मैं मिस्तरी हूँ, डाकिया नहीं." पण पाकीट खिशात घालतो.

तुमचाच,
सोपान साळवे, खोली नंबर अकरा

*

महाळुंगे, २९ ऑगस्ट

सोपानराव, रामराम.

तुमचं पत्र मी बुधवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. कंपनीमागच्या पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीने वीस माणसं बसली होती. तुमच्या भाषणानंतर टाळ्या पडतात, तशा काही पडल्या नाहीत.

खरं सांगू का, हॉलमधल्या त्या नऊ दिवसांची आठवण रोज निघते. रुक्मिणी पाण्यातून काय घेऊन निघाली होती, तर देव्हारा. पीठ राहिलं, पूनमची पुस्तकं राहिली, देव घेतले. हॉलमध्ये ते ठेवायचे कुठं? तुमचे पाळक, ते प्रज्वल पाळक, त्यांनी प्रवचनाच्या मेजाशेजारची स्वतःची खुर्ची पुसून दिली. नऊ दिवस आमचा खंडोबा पाळकांच्या खुर्चीवर बसला. रुक्मिणी अजून सांगत असते.

पण दादा, ती वही कचेरीत देऊ नका.

तुम्ही विसरलात का, मला माहीत नाही. ती साधी वही नव्हती. कपाटात तेवढीच एक कोरडी होती. तुमच्या मंडळीची छापील कुटुंब नोंदवही. पहिला रकाना कुटुंबप्रमुख, दुसरा माणसं, तिसरा 'बाप्तिस्म्याची तारीख'. तारखेचा तेवढा एकच रकाना. मी बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो, रकाना मोकळा सोडायचा नाही हे हाताला लागलेलं. मी तुम्हाला विचारलं, "दादा, इथं बाप्तिस्मा छापलंय, इथं आल्याची तारीख लिहू का?" तुम्ही डाळीच्या पातेल्यावरून ओरडलात, "तारीख म्हणजे तारीख! लिही रे, लोकं भिजताहेत."

मी लिहिलं. अठ्ठावीस वेळा. सात ऑगस्ट, सात ऑगस्ट.

आबाजी परवा इकडं येऊन गेले. गाडीतून उतरले, सगळ्यांची चौकशी केली. चांगलं बोलले. मला त्याचीच भीती वाटली.

तुमचा,
मालोजी

*

चऱ्होली, ६ सप्टेंबर

मालोजी, सलाम.

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीच वही देऊन झाली होती. संध्याकाळपर्यंत त्या प्रतीची प्रत आबाजीच्या खिशात. कशी गेली ते मला विचारू नको, कचेरीच्या भिंतींना विचार.

मंगळवारी पोलीस आले. मूळ वही घेऊन गेले, माझा फोन घेऊन गेले, हॉलला कुलूप लावलं. तक्रार अशी की, पुराचा फायदा घेऊन आम्ही अठ्ठावीस कुटुंबांना जेवणाच्या आणि चादरीच्या बदल्यात बाप्तिस्मा दिला. एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये. तारखेपुढे सही. पुरावा तयार! तक्रारीखाली एकोणीस सह्या आहेत आपल्याच चाळीतल्या. नावं मला अजून दाखवलेली नाहीत.

प्रज्वल पाळकाला चार वेळा बोलावलं. एकोणतीस वर्षांचं पोर. लग्नाला आठ महिने झालेत. पहिल्याच दिवशी त्याने मंडळीच्या बैठकीत सांगितलं होतं, "शेजारी आत झोपलेत तोवर आत उपासना नको. कुणाला वाटायला नको की भाताबरोबर प्रवचन वाढलं." त्या रविवारी आम्ही ओसरीवर उभं राहून, अर्धे पावसात, हळू आवाजात गीतं म्हटली. आमच्या म्हाताऱ्या शालनबाई कुरकुरल्या, "आपल्याच देवळाबाहेर आपण चोरासारखं गायचं?" आणि आता तोच पोरगा अधिकाऱ्यासमोर हात मागे बांधून उभा.

पोलीस अधिकाऱ्याने मला विचारलं, "अक्षर कुणाचं?" वही त्याच्यासमोर उघडी होती. तुझा सात मी पन्नास माणसांत ओळखीन, ओळीखाली शेपूट सोडतो. अठ्ठावीस सात, सगळ्यांना शेपट्या. मी म्हणालो, "गर्दी होती साहेब. कुणी लिहिलं आठवत नाही."

मी मंडळीचा पंच आहे, मालोजी. चौसष्टाव्या वर्षी पोलिसांसमोर खोटं बोललो. तुझ्या नोकरीचं, तुझ्या घराचं काय होईल, एवढंच डोक्यात होतं. त्याचा हिशोब मी वर देईन. तू एक कर. त्या एकोणीस जणांत कोण आहेत ते शोध. त्यांना रागावू नको. एवढंच विचार, की बाबांनो, तुमच्या डोक्यावर पाणी शिंपडलं ते कुणी, पाळकानं का नदीनं?

तुझा,
सोपान

*

महाळुंगे, ११ सप्टेंबर

सोपानराव, रामराम.

सध्या कंपनीत ओव्हरटाइम लई आहे. मान वर करायला वेळ नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

सह्या कुणी केल्या ते इथं कुणी सांगत नाही. विचारून उपयोग नाही, माणसं घाबरलीत. मला वाटतं, पाळकांनी सरळ एक माफीपत्र लिहून द्यावं आणि काही दिवस नगरकडं त्यांच्या गावाला जावं. प्रकरण आपोआप थंड होईल. हॉलचं कुलूप काय, आज ना उद्या निघेल.

माझं नाव घेतलं नाहीत, त्याबद्दल काय बोलू.

पूनमला नर्सिंगला जागा मिळाली आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी राहिली आहे, ती झाली की प्रवेश पक्का. तेवढ्यासाठी सगळं घर श्वास धरून बसलंय. तुम्ही मोठ्या मनाचे आहात, समजून घ्याल.

युनूस फार बोलला मला आज. त्याला सांगा, पत्रं न्यायची तर गपचूप न्यावीत.

मालोजी

*

चऱ्होली, २० सप्टेंबर

मालोजी,

तक्रारीची प्रत आज वकिलाने आणून दिली.

पहिली सही तुझी आहे.

दुसरी नाही, दहावी नाही. पहिली. खाली नाव आणि तारीख एकतीस ऑगस्ट. मला 'वही देऊ नका' असं लिहिलंस त्याच्या दोन दिवसांनी. आणि नंतर मला सांगतोस, सह्या कुणी केल्या ते कुणी सांगत नाही!

खोली अकरा आणि खोली बारा यांच्यात एक विटेची भिंत होती. तुझ्या घरात फोडणी पडली की मला ठसका लागायचा. कंपनीने तुला काढलं तेव्हा मी सत्तावीस दिवस गेटसमोर बसलो. तेव्हा तू हिंदू होतास आणि मी ख्रिस्ती, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

युनूस काय बोलला ते मी त्याच्याकडून ऐकलं. तो म्हणाला, "मालोजीभाऊ, पाण्यात दोरी मी टाकली होती. मग माझ्यावर पण लिहा ना, सुंता केली म्हणून." तो हसत म्हणाला असेल. मला हसू आलं नाही.

माफीपत्र? कशाची माफी मागायची प्रज्वलने? तुझ्या लेकीला स्वतःच्या बायकोची साडी दिली त्याची? तुझ्या देवाला खुर्ची दिली त्याची? सांग, शब्द तू सांग, मी लिहून घेतो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

सोपान साळवे

*

महाळुंगे, २५ सप्टेंबर

सोपानराव,

उत्तर देतोय. रामराम लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिला नाही.

आबाजी दुसऱ्यांदा आले ते कागद टाइप करूनच. सोबत दोन पोरं, दाढीवाली, हात पाठीमागे धरून उभी. त्यांनी मला एकट्याला गाडीत बसवलं. म्हणाले, "तुझ्या पोरीचा दाखला पडताळनीला गेलाय न्हवं? त्या वहीत तिचं नाव हाय. म्होरं बाप्तिस्म्याची तारीख हाय. चादर घेतल्याची तिची सही बी हाय. ती वही तिथवर पोचली तर पोरगी ख्रिश्चन धरतील, दाखला गेला, शीट गेली. हितं सही कर. म्हंजी तुमाला फसवलं असं हुतंय. तुमी सुटला."

मी केली. मी केल्यावर बाकीच्यांनी केली. पहिली सही माझी म्हणता, खरं आहे. ती नसती तर बाकीच्या अठरा नसत्या, हेही खरं आहे.

पण दादा, तुम्हीही ऐका. तुमचं काय जातं? तुम्ही जन्मापासून त्याच धर्माचे. तुम्ही ओसरीवर भिजलात, चांगलं केलंत. पण आमची नावं लिहायला वही तुमचीच काढलीत. कोरा कागद नव्हता का हो त्या हॉलमध्ये कुठं? मी विचारलं होतं. विचारलं होतं ना? तुम्ही ओरडलात, "तारीख म्हणजे तारीख." तुम्हाला सगळंच ओरडून सांगायची सवय. ज्याचं काही जात नाही त्याला ओरडता येतं.

मला माहीत आहे हे लिहून मी वाईटच दिसतोय.

रुक्मिणीने देव्हारा अजून मांडलेला नाही. देव फडक्यात बांधून फळीवर ठेवलेत. मांड म्हटलं की म्हणते, "नऊ दिस ज्या खुर्चीनं देव सांभाळला, त्या खुर्चीला चोर म्हणून आलात. आता कुठल्या तोंडानं मांडू?" माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

पूनमला परवा कळलं. तिने एकच विचारलं. "बाबा, सात तारखेला मी त्या हॉलमध्ये झोपले होते की नाही?" मी म्हणालो, होतीस. "मला कुणी पाण्यात बुडवलं का?" नाही. "मग मी फसले कुणाकडून?" मी तिच्यावर ओरडलो. तुमच्यासारखा.

मंगळवारी चौकशी आहे असं कळलं. मी येणार नाही. मला आता हे सहन होत नाही. प्रज्वल पाळकांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी नव्हतं. एका बाजूला दुसऱ्याचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. तुम्ही काय केलं असतं?

मालोजी

*

चऱ्होली, २८ सप्टेंबर

मालोजी, सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. दुसऱ्यांदा युनूसच्या गॅरेजमध्ये, बाकड्यावर बसून. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. ती सांगायला लिहितोय.

आधी माझ्या वाट्याचं. हो, मी ओरडलो. तू थांबून विचारलंस, ते बरोबर होतं. मी पातेल्याकडे बघत उत्तर दिलं, ते चूक होतं. कोरे कागद होते रे, कपाटाच्या वरच्या फळीवर, भाकरीच्या टोपलीमागे. मी बघितले नाहीत. आपल्या घरात आलेल्या माणसाचं नाव आपल्याच वहीत लिहायचं, यात काही चुकतंय हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. मंगळवारी मी हे अधिकाऱ्यासमोर सांगणार आहे. अक्षराबद्दल खोटं बोललो, हेही सांगणार आहे. अक्षर कुणाचं ते मात्र मी सांगणार नाही. त्याबद्दल जे व्हायचं ते होऊ दे.

'तुमचं काय जातं' असं विचारलंस. माझ्या आजोबांनी नगरकडे बाप्तिस्मा घेतला. त्यांची जात तुझीच. स्वतःच्या पायाने चालत गेले. त्यानंतर आमच्या घरात कुणाला तो दाखला मिळाला नाही. माझ्या मुलाला पूनमइतकेच मार्क होते. तो आज हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. आजोबांच्या निर्णयाची मला लाज नाही, पण दाखला गेल्यावर घरात काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून दाखल्यासाठी तू घाबरलास, याला मी गुन्हा म्हणणार नाही. मी काय केलं असतं, विचारलंस. मीही कदाचित त्या गाडीत बसून सही केली असती. हे लिहायला मला अर्धा दिवस लागला.

आता ती गोष्ट. तक्रारीची प्रत सोबत पाठवतोय, ती वाच. आबाजीने तुझ्याकडून काय लिहून घेतलंय? 'आम्हाला फसवून बाप्तिस्मा देण्यात आला.' देण्यात आला! अरे, वहीत काय होतं? एक तारीख होती, चुकीच्या रकान्यात. चुकीच्या रकान्यातली तारीख समजावून सांगता येते. पण बाप्तिस्मा झाला, असं साऱ्या जगात कुणी लिहून दिलं असेल, तर ते आम्ही नाही, पाळकाने नाही. पूनमच्या बापाने. स्वतःच्या सहीने. पोलिसांच्या दफ्तरात.

पडताळणीवाले उद्या वही बघतील की तक्रार? तक्रारच बघतील. तुला सोडवायला आबाजीने जो कागद दिला, तोच तुझ्या लेकीला बुडवणारा आहे. त्याला तुझ्या लेकीशी काही देणंघेणं नाही. त्याला ती वही खोटी ठरवायची आहे. वही खोटी ठरली की चाळीत कुणी राहत नव्हतं. चाळीत कुणी राहत नव्हतं, तर पाणी ओसरल्यावर तो तीच खोली तिथेच दुसऱ्या कुणाला देणार. दिलीय रे! खोली अकरात आणि बारात ओडिशाची पोरं आली आहेत. भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली आहे, त्यावर त्याने चुना मारलाय. पुढच्या ऑगस्टमध्ये ती पोरं कुठे पळतील? हॉलला कुलूप आहे.

दुसऱ्याचा मुलगा एका बाजूला आणि आपली मुलगी दुसऱ्या बाजूला, असं तू लिहिलंस. तुला हे असं कुणी मांडून दिलं ते बघ. ते दोघं एकाच बाजूला आहेत. त्या दिवशी बाप्तिस्मा झालाच नाही, या एका वाक्यावर प्रज्वलची सुटका आहे, पूनमचा दाखला आहे, अठ्ठावीस घरांची नोंद आहे. आणि ते वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. मी ख्रिस्ती, मी पंच, मी आरोपीच्या शेजारचा. तीस वर्षं गेट दणाणून सोडणारा हा घसा या कामाला फुकट आहे. ते ज्याने लिहिलं त्यानेच सांगावं लागेल.

मला तुझी माफी नको. माझ्याशी बोलूही नको हवं तर. रुक्मिणीबाईंना सांग, खुर्ची आहे तिथेच आहे, कुलपाच्या आत. तिच्यावर अजून कुणी बसलेलं नाही.

मंगळवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात ये. युनूस साडेआठला तुझ्या खोलीसमोर गाडी घेऊन उभा राहील. काही विचारणार नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. अधिकाऱ्यासमोर बस. एक कोरा कागद माग. या वेळी कोराच माग. खिशातलं पेन काढ आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, शेपटीच्या सातासकट, तुझ्या अक्षरात लिही: सात ऑगस्ट, या दिवशी आम्ही पुरातून आलो.

ये, मालोजी. एवढी एक ओळ लिही.

सोपान